मदत हवी आहे: गुन्हेगारीशास्त्रात करिअर, पण पोलीस व्हायचं नाही

घाटावरची_मी
नमस्कार. तातडीने मदत हवी आहे. मला क्रिमिनॉलॉजीत करिअर करायचंय, पण पोलीस व्हायचं नाही. गूगल करून झालं, फिरून फिरून तीच नावं येतात, 'क्रिमिनल प्रोफायलर' वगैरे. आपल्याकडे प्रोफायलरच्या जागेची जाहिरात कुणी पाहिली आहे का? कोर्स कोणता, नोकरी कुठे, पगार किती, एवढंच नेमकं सांगा. रविवारी मामा येणार आहेत, त्याआधी हवं. 'आवड असेल ते कर' असं प्लीज लिहू नका, ते आईने सांगून झालंय.

सूक्ष्मदर्शक
सरळ फॉरेन्सिकला जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. शिवाय गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ. २०२० च्या कायद्याने ते केंद्रीय झालं, आता गोव्यातही कॅम्पस आहे. नोकरीचं विचाराल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंच आहे. राज्यांना तयारीला पाच वर्षं दिली आहेत. म्हणजे माणसं लागणार.
मी आठ वर्षं या कामात आहे. टीव्हीवर दाखवतात तसं नसतं. सकाळी कापडात शिवलेली पार्सलं येतात, आधी त्यावरची लाखेची मोहोर पत्रासोबतच्या नमुना मोहोरेशी जुळवून बघायची. जुळली नाही तर पार्सल उघडायचंच नाही. मग व्हिसेराच्या, म्हणजे मृताच्या अवयवांच्या नमुन्यांच्या, बरण्या. पहिले दोन महिने डबा घशाखाली उतरत नाही, नंतर माणूस त्याच हाताने पोहे खातो (हात धुऊन!).

जुना_खेळाडू
बाळा, आधी पोलीस का नको ते सांग. उंची कमी पडते का? पीएसआयला मुलींना १५७ सेंमी लागते. माझ्या पुतणीची दीड सेंमी कमी होती. रोज पहाटे बारला लटकायची, ताडासन करायची, सायकलची सीट वर करून चालवायची. माप घेताना पाठ ताठ, टाचा भिंतीला. बसली बरोबर. धीर सोडू नको.

घाटावरची_मी
काका, माझी उंची १६१ आहे. प्रश्न उंचीचा नाही.

जुना_खेळाडू
मग तर प्रश्नच मिटला! फॉर्म भर.

काळा_कोट
गुन्हेगारी खरी कळते ती कोर्टात. तीन वर्षांचं एलएलबी करा, सीईटी द्या. पुढे एमपीएससीतून सहायक सरकारी अभियोक्ता होता येतं. वर्दी नाही आणि खटला तुमच्या हातात. प्रयोगशाळेत बसून बरण्या मोजण्यापेक्षा बरं. तसंही प्रयोगशाळेच्या अहवालासाठी आम्ही तारखांवर तारखा घेत असतो.

सूक्ष्मदर्शक
तारखा तुम्ही अहवालासाठी घेता की अशील पैसे द्यायचा राहिला म्हणून, ते सोडा. अहवाल आल्यावर उलटतपासणीत 'आपण किती नमुने तपासलेत हो आजवर' याच्यापुढे तुमचे किती वकील जातात?

काळा_कोट
कारण पुढचं उत्तर तुम्हाला देता येत नाही म्हणून. :)

भटकी_मांजर
तुमचं चालू द्या. पण धागाकर्तीचं शिक्षण काय, हे अजून कुणी विचारलं नाही. ताई, कोणत्या शाखेच्या तुम्ही?

घाटावरची_मी
अरे हो, लिहायचं राहिलं. बीए मानसशास्त्र, शेवटचं वर्ष. बारावीही आर्ट्स.

सूक्ष्मदर्शक
मग माझं वरचं सगळं वाया. केमिस्ट्री-बायोलॉजी नसेल तर प्रयोगशाळेचं दार बंदच समजा. पहिल्या ओळीत लिहिलं असतंत तर माझी पाऊण तासाची टंकलेखन सेवा वाचली असती.

मनकवडा
मानसशास्त्र म्हटल्यावर लोक आता लाय डिटेक्टर आणि नार्कोचं सांगायला धावतील, म्हणून आधीच लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. तेवढ्यावर अख्खं करिअर उभं करू नका. फॉरेन्सिक सायकॉलॉजीची पदव्युत्तर पदवी गांधीनगरच्या त्याच विद्यापीठात आहे. पण पेशंट तपासायचे, निदान करायचं, तर क्लिनिकल सायकॉलॉजी आणि पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या एमएवर बाहेर 'फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावणारे बरेच आहेत, त्यांच्यात भर नको.
शिकवायची आवड असेल तर नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे. फक्त तो शिकवणारे विभाग मोजके, मद्रास, धारवाड, तिरुनेलवेली, सागर असे लांबलांबचे.

शेरलॉक_होळकरवाडी
डिटेक्टिव्ह एजन्सी काढा की! लग्नाआधीची चौकशी, कर्मचाऱ्यांची चौकशी, पुण्यात प्रचंड मागणी आहे. कोर्स नको काही नको.

काळा_कोट
परवानाही नको, कारण तसा कायदाच नाही. २००७ सालचं विधेयक कधी मंजूर झालंच नाही. आणि लग्नाआधीची चौकशी म्हणता म्हणता गिऱ्हाईक कॉल रेकॉर्ड मागतं. ते दिलंत तर गुन्हेगारीशास्त्र आतून शिकायला मिळेल, बराकीत.

बँकेतला_बोका
सगळे खून-दरोड्यातच अडकलेत. आजचा गुन्हा बँकेत होतो. फ्रॉड आणि मनी लाँडरिंग रोखणाऱ्या विभागात माणसं सतत घेतात. बीए चालतं, आमच्या टीममध्ये एक इतिहासवाली आहे आणि सगळ्यांत चलाख तीच. काम काय, तर सिस्टिमने अलर्ट दिलेली खाती बघायची. परवाचंच. कॉलेजच्या पोराचं खातं, वर्षभर त्यात दोन-तीन हजारांच्या वर काही नाही. एका मंगळवारी दुपारी चार राज्यांतून एकतीस जमा, सात वाजेपर्यंत एटीएममधून सगळं साफ. पोराला खातं 'भाड्याने' दिल्याचे पाच हजार मिळाले होते. तिकडे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कुणीतरी रडत फोन करत असणार. आपण खातं गोठवायचं, टिपण लिहायचं, ते वर जातं. टिपण नीट लिहिता आलं पाहिजे, तिथेच निम्मे गळतात.
पुढे सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनरची परीक्षा देता येते. फी डॉलरमध्ये आहे, म्हणून ती कंपनीकडून भरून घ्यायची. पगार वरच्या सगळ्यांपेक्षा बरा, हे मी मामांच्या वतीने लिहितोय.

तीन_तारा
अवांतर होईल, पण लिहितो. 'गुन्हेगारीशास्त्र' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जातीच्या जाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. आमचे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड जन्मले. हजेरी चुकली तर शिक्षा. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. कायदा गेला पण गावात चोरी झाली की पहिली जीप अजून आमच्याच वस्तीवर येते. ताई, तुम्ही हा विषय शिकणार असाल तर हेही शिकवतात का ते बघा. नसतील शिकवत तर वर्गात विचारा.

जुना_खेळाडू
अवांतराला अवांतर, पण पोलिसांचीही बाजू असते हो. रेकॉर्डवरचा माणूस आधी तपासावाच लागतो.

तीन_तारा
रेकॉर्डवर माणूस असतो काका, वस्ती नसते.

देवनार_डेपो
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि हो, शिकवतात. मी टाटा समाजविज्ञान संस्थेतून, म्हणजे टिसमधून शिकले. तिथे सोशल वर्कमध्ये 'क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस' हा एमए आहे. शाखेची अट नाही, प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. संस्थेचाच 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत काम करतो. देशात २०२२ अखेर शंभरातले जवळपास ७६ कैदी कच्चे होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. जामीन मंजूर झालेला पण जामीनदार नाही म्हणून आत बसलेला माणूस बघितलात की कळतं, काम कुठे आहे ते. पोलीस ठाण्यातला महिलांसाठीचा विशेष कक्षही टिसनेच १९८४ साली मुंबईत सुरू केला. आता तो राज्यभर आहे आणि त्यात समाजकार्यकर्त्याच बसतात. डोळे झाकून मुंबईला या.

घाटावरची_मी
मुंबई नाही जमणार. गांधीनगर, पुणे पण नाही. निदान दोन वर्षं सांगली सोडता येणार नाही.

भटकी_मांजर
ताई, तुम्ही माहिती रेशनच्या साखरेसारखी देताय. एकदाच सगळं लिहा बरं. सांगली का, आणि पोलीस का नको?

घाटावरची_मी
बरं. आजी अंथरुणावर आहे. आई शाळेत जाते, दिवसभर मीच असते तिच्यापाशी. म्हणून सांगली.
आणि पोलीस का नको, तर बाबा हवालदार होते. आमच्या गणपतीच्या एकाही फोटोत ते नाहीत. दहाही दिवस बंदोबस्त. अकराव्या दिवशी यायचे, बूट काढायचे आणि सोफ्यावर बसल्या जागी झोपायचे. आई पायमोजे काढायची, तरी जाग यायची नाही. निवृत्तीला दोन वर्षं असताना गेले. मामा म्हणतात, 'पोलिसाची पोर, पोलीसच हो, कोट्याचं बघू.' मला त्यांचं काम नको. पण ते ज्या पोरांना पकडून आणायचे, त्यांच्याबद्दल जेवताना बोलायचे ना, ते मला आवडायचं ऐकायला. त्यांचं पुढे काय होतं, हे बाबांनाही माहीत नसायचं.

जुना_खेळाडू
वाईट वाटलं बाळा. फॉर्मचं मागे घेतो.

पाटी_पेन्सिल
इतका वेळ नुसती वाचत होते. तुम्हाला हवंय त्याला परिविक्षा अधिकारी म्हणतात. मी नऊ वर्षं केलं ते.
अठराच्या आतलं मूल गुन्ह्यात सापडलं की ते बाल न्याय मंडळासमोर येतं. मंडळाला परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मूल कुठे राहतं, शाळा, घर, मित्र, सगळं. आपण घरी जायचं. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पण एक सांगते. मोबाइल चोरीतला चौदा वर्षांचा मुलगा. खोली एक, माणसं सहा. अहवालात घरच्यांशी संबंध कसे, ते लिहायचं असतं. वडील म्हणाले, 'चांगले आहेत, लिहा.' मी पाणी प्यायचं निमित्त करून मागे गेले. जिन्याखाली गोणपाट, त्यावर उशी आणि शाळेचं दप्तर. मुलाला नंतर विचारलं, तर म्हणाला, बाबा घरी असले की मी इथे झोपतो. मी वडिलांचं वाक्यही लिहिलं आणि जिन्याखालची उशीही. मॅजिस्ट्रेटनी वाचताना तिथे पेन्सिल टेकवली. मुलगा मावशीकडे राहायला गेला, दर महिन्याला मी जाऊन बघायचे. दहावी झाला.
सगळेच होत नाहीत. दोघं मी सोडून आल्यावर महिनाभरात परत आत होते.
आता कडू भाग. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बहुतेक पदं कंत्राटी आहेत. गाडी तुमची, पेट्रोल आधी तुमचं. मी होते त्या कचेरीत मानधन एकदा दिवाळीनंतर मिळालं, तेही दसऱ्याच्या आधीचं. कायम पदाची जाहिरात निघते तेव्हा शेकड्याने अर्ज येतात. पण सांगली सोडायला नको. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, सांगली-कोल्हापूर पट्ट्यातच होतं. तेही जमत नसेल तर इग्नूचं घरबसल्या करा. त्यांचा क्रिमिनल जस्टिसचा पीजी डिप्लोमाही आहे.

बँकेतला_बोका
पगाराचं वाचून मामा काय म्हणतील?

पाटी_पेन्सिल
मामांना सांगायचं, बँक कुठे जात नाही. आधी महिनाभर हे बघू दे.

औंधकर
घाटावरची, तुमच्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, माहीत आहे का? १९३९ साली औंधच्या राजांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या सल्ल्याने काढलेली खुली वसाहत. कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात, भिंत नाही. जगभरचे लोक यायचे बघायला. आणि आपण सांगलीकर फक्त भडंग घेऊन पुढे जातो.

शेरलॉक_होळकरवाडी
भडंग सांगलीचा की जयसिंगपूरचा, यावर एक वेगळा धागा काढा.

औंधकर
त्यात धागा काय काढायचा? जयसिंगपूर. पण विकत घेतो आम्ही सांगलीत.

घाटावरची_मी
@पाटी_पेन्सिल, दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. या कामात पोलीस ठाण्यात जावं लागतं का?

पाटी_पेन्सिल
लागतं. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याशी रोजचं बोलणं. तुम्ही त्यातल्या निम्म्यांना आधीच 'काका' म्हणत असाल, उपयोग होईल. फक्त मुलासमोर काका म्हणायचं नाही.

घाटावरची_मी
हे लक्षात ठेवते. शेजारच्या काकू सोमवारी दोन तास आजीपाशी बसतो म्हणाल्यात. तेवढ्यात बाल संरक्षण कक्षात जाऊन येते. जाताना काय न्यायचं? आणि स्वयंसेवक म्हणून घेतात का, की हाकलून देतात?

पाटी_पेन्सिल
बीएच्या गुणपत्रिका, आधार, दोन फोटो आणि साधा अर्ज, मराठीत, हाताने लिहिलेला. अकराच्या आत जा, नंतर साहेब मंडळाच्या बैठकीला जातात. पहिल्यांदा 'नंतर या' म्हणतील. 'नंतर' म्हणजे कोणत्या वारी, ते तिथेच विचारून घ्यायचं. शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक घेतात, तिथेही एक अर्ज टाकून या. कोर्टाच्या आवारातच आहे.

काळा_कोट
तिथे कुणी अडवलं तर व्यनि करा. सांगली बारमध्ये माझा मित्र आहे. एलएलबीचं मात्र डोक्यात राहू द्या.

घाटावरची_मी
ठेवते. मामांना दोन्ही सांगते, आधी बँकेचं सांगते.

नवा_गडी_२४
धागा पूर्ण वाचला नाही. पण फॉरेन्सिकला चांगला स्कोप आहे. बारावी सायन्स झालीय ना?