खुबा खोल असेल तर दुर्बीण आधी सांध्यात घालायची की बाहेरून यायचं?

सांधेवाला:
खुब्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुतेक जण आधी पाय ट्रॅक्शनवर ताणतात, सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे मशीन) बघून सुई सांध्यात घालतात आणि मग कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) उघडतात. साध्या केसला ठीकच आहे. पण सॉकेट (खुब्याची खोबण) खोल असेल, कडेचं हाड चहूबाजूंनी बॉलवर (मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावर) आलेलं असेल आणि ताणूनही फट पडत नसेल तर ही पद्धत सोडा असं माझं ठाम मत आहे, कारण जागा नसताना सुई रेटली की लॅब्रमला (सॉकेटच्या कडेची मऊ किनार) भोक पडतं नाहीतर बॉलच्या कार्टिलेजवर (गुळगुळीत कूर्चेवर) ओरखडा उठतो आणि तो काही भरून येत नाही. त्यापेक्षा ट्रॅक्शन न लावता समोरून कॅप्सूलवर यायचं, डोळ्यांनी बघत ती उघडायची, कडेचं जास्तीचं हाड घासायचं, मगच ताणायचं. ताणायचा वेळही वाचतो. ताणताना मांड्यांमध्ये लावलेल्या खांबाने पुडेंडल नर्व्ह (जननेंद्रियाकडे जाणारी नस) दबून पेशंटला बधिरपणा येतो, तो धोकाही कमी.

गोदाकाठ:
नाही पटलं. बाहेरून येताना कॅप्सूलचा काप मोठा होत जातो आणि त्यात इलिओफिमोरल लिगामेंट कापलं जातं, समोरून खुबा तेच तर धरून ठेवतं. नीट शिवलं नाही की सांधा सैल. मी आधी ट्रॅक्शनच लावतो, भूल देणाऱ्याला सांगून स्नायू पूर्ण ढिले करून घेतो, सुईतून हवा किंवा सलाईन सोडलं की आतली ओढ सुटते आणि फट वाढते. दोन तासांच्या आत ट्रॅक्शन सोडायचं हे मात्र पाळतो.

सांधेवाला:
अहो पण सुईच आत जात नाही तिथे हवा कुठून सोडणार? मी त्याच केसबद्दल बोलतोय. आणि कॅप्सूल शिवायची तर दोन्ही पद्धतींत आहेच, उथळ सॉकेटवाल्यात तर टाळूच नये.

हाडांचा_मित्र:
तुम्ही दोघं दुर्बिणीलाच का धरून बसलात? कडेचं हाड मागपर्यंत वाढलेलं असेल तर तिथे दुर्बिणीने पोचणं अवघडच. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन गान्झ यांनी 2001 मध्ये बॉल उघड्यावर बाहेर काढायची पद्धत मांडली, 213 खुब्यांत एकाही बॉलचा रक्तपुरवठा गेला नव्हता. सगळं गोल फिरून दिसतं.

गोदाकाठ:
दिसतं, पण ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा) कापून स्क्रूने बसवावा लागतो, तो जुळेपर्यंत पेशंट कुबड्यांवर. पूर्ण मागची बाजू खराब असेल तर मीही ओपनच करेन, नुसत्या पुढच्या कडेसाठी नाही.