इंडोनेशियन 'लेलांग': पोर्तुगीज की अरबी?

शब्दखोड: जावाच्या उत्तर किनाऱ्यावर बंदराबंदरात 'तेम्पात पेलेलांगान इकान' अशी पाटी दिसते. मासळीच्या लिलावाची जागा, आपल्या हर्णैसारखीच. त्यातला 'लेलांग' आणि आपला 'लिलाव' सख्खी भावंडं, बाप पोर्तुगीज 'लेइलाँव'. पोर्तुगिजांनी १५१०मध्ये गोवा घेतला, १५११मध्ये आजच्या मलेशियातलं मलाक्का बंदर. तिथल्या मलय बाजारात शब्द रुळला. गंमत म्हणजे इंडोनेशियातला लिलावाचा १९०८चा डच कायदा, 'वेंडू रेग्लेमेंट', आजही लागू आहे. कायद्याचं नाव डच, तोंडात मात्र लेलांगच! शब्द पोर्तुगीज, विषय संपला.

तळटीप: संपतोय कसला? 'लेइलाँव' तरी पोर्तुगिजांच्या घरचा कुठे? तो अरबी 'अल-इलाम'वरून आला, म्हणजे जाहीर करणं. मलाक्कात मुसलमान व्यापारी पोर्तुगिजांच्या आधीपासून होते. त्यांनीच आणला नसेल कशावरून?

शब्दखोड: थेट अरबीतून आला असता तर असा दिसला नसता. अरबीतल्या 'ऐन' या घशातून उच्चारायच्या अक्षराचा इंडोनेशियनमध्ये बरेचदा क होतो. 'इलान'चा 'इक्लान' (जाहिरात), 'मालूम'चा 'माक्लुम', 'रैयत'चा 'राक्यात'. लेलांगमध्ये क औषधालाही नाही. शिवाय 'अल'मधला ल शब्दाला येऊन चिकटलाय आणि शेवटचा म नाकात गेलाय. हे दोन्ही उद्योग पोर्तुगीज तोंडातले.

नाखवा: क-चं पटलं. पण मलाक्कात तो पोर्तुगिजांनीच उतरवला कशावरून? मल्याळममध्ये 'लेलम' आहे, तमिळमध्ये 'एलम'. तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांची तिकडे ये-जा होतीच की.

शब्दखोड: मग शेवटी म नको का? मलेशियात 'लेलोंग', इंडोनेशियात 'लेलांग', आणि चीनमधल्या मकावकडच्या कँटनीज बोलीत 'ये-लांग'. तिकडच्या बंदरांत पोर्तुगीज जहाज लागलं, तिथे शेवट असा नाकातला. आपण मात्र नाक झटकून 'व' केला.

नाखवा: बरं, म-पुढे माघार. तरी मधले दलाल कोण, हा प्रश्न उरतोच.

तळटीप: वाट पोर्तुगीज, मान्य. पण जन्म अरबी आहे, मग युरोपीय शब्दांच्या यादीत कशाला कोंबता?

शब्दखोड: तुमचा नियम 'साबून'ला लावून बघा. इंडोनेशियनमध्ये तो अरबीतून आला, अरबीत युरोपातून. मग त्यालाही युरोपीय म्हणणार?

तळटीप: हो, म्हणणार. आता तुम्ही लेलांगला अरबी म्हणा.