शब्दचर्चा : पुस्तकातलं ‘कार्य’, वावरातलं ‘काम’

प्रश्न : नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ असा विषय येतो. आमच्या भंडारा जिल्ह्यात कार्य म्हटलं की घरचं लग्न. सरळ ‘काम’ का नाही? आणि ‘विस्थापन’ म्हणजे तर गोसेखुर्द धरणात गाव गेलं ते. ‘अंतर’ चालणार नाही का?

— काम घामावर मोजतात, रोजीवर विकतात. वेचणीचं 20 किलोचं गाठोडं बाईने जमिनीवरून डोक्यावर घेतलं, समजा दीड मीटर. विज्ञानातलं कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेलं सरकणं : 20 × 9.8 (गुरुत्वत्वरण) × 1.5, म्हणजे 294 ज्यूल (ज्यूल हे कार्याचं एकक). पुढे सपाट पांदणीने एका चालीत बंडीपर्यंत गेली, तर गाठोड्यावर तिचं कार्य शून्य. जोर वर, गाठोडं चाललं आडवं. मान अवघडते, कारण ओझं नुसतं तोलून धरायलाही स्नायू ऊर्जा जाळतात. तिला ‘तुझं काम शून्य’ म्हणून पाहा बरं! ‘कार्य’ म्हटलं की निदान भांडण टळतं.

— विस्थापनाचं उदाहरण तुमच्याच प्रश्नात आहे. जुन्या गावठाणापासून नव्या वसाहतीपर्यंतची सरळ रेघ, दिशेसकट, हे विस्थापन. सामानाची बंडी वळणावळणाने जेवढी चालली ते अंतर. अंतराला दिशा नसते आणि कार्याचं तर सगळं दिशेवरच अडतं.

— मंग वखर या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर नेला आन् वापस आणला, तर विस्थापन शून्य. बैलायचं कार्यही शून्य काय जी?

— नाही जी. बैल वळले तशी ओढीची दिशाही वळली. जातानाचं कार्य धन, येतानाचंही धन. दोन्ही वेगवेगळी काढून बेरीज करायची. आडवी ओढ 500 न्यूटन आणि वावर 100 मीटर लांब धरलं, तर जाऊन-येऊन 1,00,000 ज्यूल. (जुवाकडे दोर तिरपा जातो, म्हणून ओढीचा आडवा भागच धरायचा.) गुरुत्वबल मात्र दिशा बदलत नाही. पोतं उचलून त्याच जागी ठेवलं, तर गुरुत्वबलाचं एकूण कार्य खरंच शून्य. ‘बल गुणिले विस्थापन’ एवढंच पाठ केलेली पोरं इथेच फसतात. ते सूत्र बल कायम असेल आणि सरकणं त्याच्याच दिशेत असेल तेव्हाचं.

— फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिसने 1829 साली याच अर्थाने फ्रेंचमधला रोजच्या मेहनतीचा शब्द घेतला, ‘त्राव्हाय’. मग आपल्यालाच संस्कृत कशाला?

— घ्या ना ‘काम’. फक्त कोणी, कशावर आणि कोणत्या बलाने केलेलं, हे प्रत्येक वेळी सोबत सांगावं लागेल. ते ‘कार्य’ म्हटलं तरी सुटत नाही.