'ईझी रायडर'मधलं ते एक वाक्य मराठीत कसं सांगाल?

मिरजकर:
काल बाबांबरोबर 'ईझी रायडर' (१९६९) पाहिला, वायट आणि बिली हे दोघे मोटरसायकलवरून अमेरिकेतून भटकतात तो सिनेमा. बाबांचं चाळीस वर्षं टू-व्हीलरचं गॅरेज होतं, इंग्रजी जेमतेम. मी मधेमधे थांबवून सांगत होतो. शेवटच्या शेकोटीपाशी अडलो. मार्डी ग्रा (न्यू ऑर्लिन्सचा कार्निव्हल) उरकलाय, बिली खुशीत आहे, पैसा झाला, आता फ्लोरिडात आराम. आणि वायट म्हणतो, "वी ब्ल्यू इट." मी घाईत सांगितलं, "वाट लागली म्हणतोय." बाबा म्हणाले, "कसली? पैसे तर गाडीच्या टाकीतच आहेत की!"

काय सांगू त्यांना?

निशाचर:
वाट आपोआपही लागते, त्यात दोष कुणाचाच नसतो. इथं 'आपण' यायलाच हवं. "माती केली आपण." घड्याळ रस्त्यात फेकून निघालेली माणसं ही, पण मार्डी ग्रा चुकेल म्हणून बिली सारखा घायकुतीला आलेला. वाटेतल्या कम्यूनमध्ये (हिप्पींच्या वस्तीत) वायट रमायला लागतो, तर बिली त्याला तिथूनही उठवतो. आणि पैसा कोकेन विकून आलेला. एवढं सांगा, बाबांना कळेल.



दहाअकराचा_पाना:
वाक्याचं माहीत नाही, गाड्यांचं सांगतो. पोलिसांच्या लिलावातल्या जुन्या हार्ले मोटरसायकली घेऊन त्यांचे चॉपर (कापूनजोडून बदललेल्या गाड्या) केले होते. करणारे क्लिफ वॉन्स आणि बेन हार्डी, दोघेही कृष्णवर्णीय. पडद्यावर मात्र त्यांची नावं नाहीत. वायटच्या 'कॅप्टन अमेरिका' गाडीला पुढं ब्रेक नाही, मागं शॉकअप नाहीत, फोर्क हा एवढा लांब. अशी गाडी सरळ रस्त्यावर राजा, वळणावर ओझं. वायट झालेल्या पीटर फोंडाच्या पाठीचं काय झालं असेल!

मिरजकर:
दोन्ही वाचून दाखवलं. घड्याळाचं ऐकून गप्प बसले थोडा वेळ. मग म्हणाले, "माती नको. 'हातचं घालवलं' म्हण."

तेच पक्कं केलं.

आता त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. नोटा प्लास्टिकच्या नळीत भरून नळी टाकीत सोडली, ती पेट्रोलनं फुगत कशी नाही? आणि @दहाअकराचा_पाना, पुढं ब्रेक नाही हे ऐकल्यावर म्हणाले, "माझ्याकडं आली असती तर ब्रेक बसवल्याशिवाय किल्ली दिली नसती."