गडद रंगाची बिअर म्हणजे ‘स्ट्राँग’ बिअर का?

निरगुडी (पुणे):

पुढील महिन्यात साताऱ्याहून आणि नागपूरहून काही नातेवाईक आमच्याकडे येत असून त्यांना येथील एखाद्या मायक्रोब्रुअरीत घेऊन जाण्याचा बेत आहे. ही सर्व मंडळी कधीमधी बिअर घेणारी आहेत, परंतु बिअरविषयीची त्यांची मते मात्र ठाम आहेत. काळी बिअर पिवळ्या बिअरपेक्षा अधिक चढते आणि पोटाला जड पडते. लागर म्हणजे फिकी आणि एल म्हणजे गडद. गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा अर्क मिसळलेला असतो. आणि आयपीए (इंडिया पेल एल) ही भारतापर्यंतच्या समुद्रप्रवासात टिकावी म्हणून इंग्रजांनी मुद्दाम शोधून काढलेली कडू बिअर आहे, असे ते सांगतात. दुकानात गेल्यावर ‘माइल्ड की स्ट्राँग’ एवढाच प्रश्न विचारला जात असल्यामुळे या मतांची पारख करण्याची वेळ कोणावर आलेली नाही. यांपैकी कोणती मते खरी आहेत आणि कोणती केवळ ऐकीव आहेत, हे जाणकारांनी कारणांसह सांगितल्यास आभारी राहीन.

सातूवाला:

पहिला समज सर्वांत जास्त पसरलेला आहे, म्हणून त्यापासून आरंभ करतो. बिअरचा रंग धान्य किती भाजले यावर अवलंबून असतो, तर मद्यार्काचे प्रमाण यीस्टला किती साखर मिळाली आणि तिच्यापैकी किती त्याने फस्त केली यावर. जवाला मोड आणून तो वाळवला की माल्ट तयार होतो. हा माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवला की त्यातील स्टार्चची साखर होते आणि पुढे यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करते. स्टाउट या काळ्याभोर बिअरमध्येसुद्धा बहुतांश माल्ट फिकाच असतो. गिनेस या आयरिश स्टाउटच्या धान्यात 200 अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला भाजलेल्या जवाचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याइतका असतो, आणि काळ्या मसाल्याच्या एका चमच्याने आमटीचा रंग पालटावा तसा एवढ्या जवाने सगळ्या बिअरचा रंग पालटतो. इतक्या भाजलेल्या दाण्यांतून आंबवण्याजोगी साखर तर फिक्या माल्टच्या मानाने कमीच मिळते.

आकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होईल. गिनेस ड्राफ्टमध्ये मद्यार्क 4.2 टक्के असतो, तर बेल्जियमच्या सोनेरी, पारदर्शक डुव्हेलमध्ये 8.5 टक्के. परदेशी उदाहरण नको असेल तर आपल्याच दुकानातील फळी पाहावी: तेथे ज्या बाटल्यांवर ‘स्ट्राँग’ असे ठळक छापलेले असते त्यांतील बिअर जवळजवळ नेहमी फिक्या पिवळ्या रंगाची असते. रंग हलका आणि मद्यार्क जास्त राहावा यासाठी जवाच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरण्याची पद्धत मोठ्या कारखान्यांत सर्रास आहे. मुळात ‘स्ट्राँग’ हा बिअरचा प्रकारच नव्हे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार 5 टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर माइल्ड आणि त्याहून अधिक, 8 टक्क्यांपर्यंतची बिअर स्ट्राँग ठरते. या हिशेबाने 4.2 टक्क्यांची काळी स्टाउट माइल्ड आहे, हे आपल्या नातेवाइकांना अवश्य सांगावे.

जडपणाचे म्हणाल तर तो बऱ्याच अंशी जिभेला होणारा भास आहे. नळावरच्या गिनेसमध्ये 1959 पासून कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन वापरला जातो. नायट्रोजनचे बुडबुडे अतिशय बारीक असल्यामुळे फेस सायीसारखा घट्ट बसतो आणि आपण काहीतरी दाट पीत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात 355 मिलीलिटर गिनेस ड्राफ्टमध्ये सुमारे 125 कॅलरी असतात, तर तेवढ्याच अमेरिकी बडवायझरमध्ये सुमारे 145.

पाणलोट:

सातूवाला यांचे विवेचन योग्य आहे, परंतु गडद बिअर सौम्यच असते असा उलटा समज त्यातून होऊ नये. इम्पीरियल स्टाउट नावाचा प्रकार अनेकदा 9 टक्क्यांच्या पुढे जातो, तर म्युनिकच्या पाउलानर कंपनीची साल्व्हाटोर ही तांबूस डॉपेलबॉक (जर्मनीतील एक तीव्र लागर) 7.9 टक्क्यांची आहे. रंगावरून कोणताच अंदाज बांधू नये आणि टक्केवारी वाचावी, एवढेच म्हणणे आहे.

इझारकाठ (म्युनिक):

लागर आणि एल यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मी राहतो त्या शहराचा या विषयाशी थेट संबंध आहे आणि येथे भेटीला येणाऱ्या मराठी पाहुण्यांकडून हाच प्रश्न मला वारंवार विचारला जातो.

लागर आणि एल यांतील फरक रंगाचा नसून यीस्टचा आणि तापमानाचा आहे. एलचे यीस्ट साधारण 15 ते 24 अंशांच्या उबेत झपाट्याने काम करते. लागरचे यीस्ट 7 ते 13 अंशांच्या थंडाव्यात सावकाश काम करते आणि त्यानंतर ती बिअर आणखी काही आठवडे गोठणबिंदूच्या जवळपास मुरत ठेवली जाते. लागरचे हे यीस्ट संकरित असून त्याच्या दोन पालकांपैकी एक म्हणजे एलचेच यीस्ट आहे. दुसऱ्या पालकाचा माग मात्र फार उशिरा लागला: 2011 साली संशोधकांनी दक्षिण अमेरिकेतील पातागोनियाच्या जंगलात सापडलेल्या एका रानटी यीस्टचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ते या संकराशी जुळले. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

आता रंगाकडे वळू. बव्हेरियातील जुनी लागर तपकिरीच होती आणि तिची वारस असलेली डुंकेल आजही येथे रोज प्यायली जाते. फिक्या लागरचा काळ सुरू झाला तो 1842 साली, बोहेमियातील पिल्झेन शहरात. तेथील नागरिकांनी उभारलेल्या नव्या कारखान्यात योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने फिका माल्ट, स्थानिक साझ हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) आणि तेथील मृदू पाणी यांतून सोनेरी पिल्सनर तयार केली. म्युनिकची स्वतःची फिकी लागर, म्हणजे हेल्लेस, स्पाटेन कंपनीने त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, 1894 साली आणली. म्हणजे फिका रंग हे लागरचे मूळ लक्षण नसून ते तिला नंतर मिळालेले रूप आहे. उलट बाजूने पाहायचे तर कोलोनची कोल्श बिअर पिल्सनरसारखीच पिवळीधमक दिसते, परंतु ती एलच्या यीस्टने आंबवलेली असते.

केळ्याच्या अर्काचा समज इथल्या लोकांना ऐकवला तर त्यांना वाईट वाटेल. हेफेवाइत्सेनमध्ये, म्हणजे येथील गव्हाच्या बिअरमध्ये, फळ नसते आणि मसालाही नसतो. केळ्यासारखा वास आयसोअमाइल अॅसिटेटमुळे आणि लवंगेसारखा वास 4-व्हिनाइल ग्वायकॉलमुळे येतो, आणि ही दोन्ही द्रव्ये यीस्टच तयार करते. तसेच ‘गव्हाची बिअर’ केवळ गव्हाची नसते. जर्मन नियमानुसार तिच्यात किमान निम्मा माल्ट गव्हाचा असावा लागतो; उरलेला बहुधा जवाचा असतो. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. पुण्यात दोन्ही प्रकार ‘व्हीट बिअर’ याच नावाने मिळण्याची शक्यता असल्यामुळे कोणता आहे, हे तेथे विचारून घ्यावे.

जुनेबंदर:

आयपीएच्या कथेत आपल्या देशाचे नाव गुंतलेले असल्यामुळे ती आपण विशेष काळजीने तपासली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. प्रचलित कथा अशी: साधी बिअर प्रवासात नासत असे, म्हणून लंडनच्या बो भागातील जॉर्ज हॉजसन याने जास्त मद्यार्काची आणि जास्त हॉप्सची नवी बिअर शोधली. बिअरचे ब्रिटिश इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी मूळ कागदपत्रे तपासून ही कथा टिकत नाही हे दाखवून दिले.

पहिली अडचण अशी की त्या काळात पोर्टर ही काळी बिअरसुद्धा मोठ्या प्रमाणावर भारतात येत होती आणि ती नीट पोचत होती. बराकींतील गोऱ्या शिपायांचे पेय तीच होती; फिकी एल प्रामुख्याने अधिकाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या टेबलावर असे. म्हणजे प्रवासात टिकण्यासाठी नव्या प्रकाराची गरजच नव्हती. उष्ण प्रदेशात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स वाढवावेत, हा सल्ला ब्रुअरांना अठराव्या शतकातच माहीत होता, आणि तेवढा भाग खरा आहे. हॉजसनला यश मिळाले ते त्याचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ होता आणि तो जहाजांच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी देत असे म्हणून. पुढे 1820 च्या दशकात इंग्लंडमधील बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास या कारखान्यांनी ही बाजारपेठ त्याच्या हातून घेतली. तेथील जिप्समयुक्त पाणी हॉप्सचा कडवटपणा अधिक स्वच्छ उमटवत असे. मद्यार्काच्या बाबतीतही ती बिअर तत्कालीन इंग्लंडच्या मानाने असाधारण नव्हती, कारण तेथे घरगुती वापराच्या काही एल तिच्याहून तीव्र असत.

आज मायक्रोब्रुअरीत ‘आयपीए’ म्हणून जे मिळते त्याची चव बहुतेक वेळा अमेरिकेतून आलेली असते. तेथे 1972 साली कॅस्केड हे हॉप्सचे वाण लागवडीसाठी खुले झाले, आणि त्याच्या लिंबूवर्गीय सुगंधाने त्या प्रकाराचे रूप बदलले.

निरगुडी (पुणे):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक व्यावहारिक शंका उरते. माझ्या मामांना कडू चव अजिबात चालत नाही, तेव्हा त्यांना आयपीएपासून दूर ठेवावे का? आणि अनेक प्रकार थोडेथोडे चाखायचे असल्यास क्रम कसा ठेवावा?

सातूवाला:

मामांना ‘हेझी’ आयपीए मिळत असेल तर जरूर द्यावी. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात रूढ झालेल्या या गढूळ प्रकारात बहुतेक हॉप्स उकळत्या द्रवात न घालता उकळणे संपल्यावर किंवा आंबवण्याच्या टप्प्यावर घालतात. त्यामुळे सुगंध पुष्कळ येतो, पण कडवटपणा बेताचा राहतो.

क्रमाचे म्हणाल तर आधी पिल्सनर किंवा हेल्लेस, मग गव्हाची, त्यानंतर आयपीए आणि शेवटी स्टाउट घ्यावी. तीव्र भाजकी चव आधी घेतली तर नंतरच्या नाजूक बिअरची चव समजत नाही. यादीत एखादी 7-8 टक्क्यांची बिअर असेल तर तिचा रंग कोणताही असो, तिचा पेला लहान मागवावा. स्टाउट बर्फासारखी थंड घेऊ नये. ती आली की दहा मिनिटे टेबलावर तशीच राहू द्यावी, कारण 10 अंशांच्या आसपास कॉफी-चॉकलेटची चव उमलते, आणि ती खूप थंड असताना नुसता कडवटपणाच जाणवतो.