मायची मजुरी निम्मी काहून? लिंगभावाच्या पेपरात हे कुठं लिहू?

पांढरकवड्याची पोर
नमस्कार सगळ्याईले. मी बी.ए. दुसऱ्या वर्षाले आहो, समाजशास्त्र घेतलं हाये. नोट्समध्ये पार्सन्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं मत हाये का नवरा कमावते, बायको घर अन् लेकरं सांभाळते, म्हणून कुटुंब नीट चालते. मले हे लिहाले जमतच नाही. माझी माय ५ ले उठते, चूल, पाणी, भाकरी, मंग वावरात तण निंदाले जाते अन् आल्यावर पुन्हा चूल. बाबा बी मजुरीलेच जाते पण तिची मजुरी बाबाच्या निम्मी. विचारलं तर मायच म्हणते, "बायायचं काम हलकं राह्यते ना." हे कोणत्या मुद्द्याखाली लिहू?

वर्धेकर ताई
पोरी, पार्सन्सनं ते लिहिलं १९५० च्या आसपासच्या अमेरिकेतल्या शहरी घरायले पाहून, बाप हापिसात अन् आई घरी. तुझी माय त्यात बसत नाही, हेच बिनधास्त लिही. पुढं ॲन ओकली ही ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ घे. १९७२ मध्ये तिनं मांडलं का शरीराचा फरक वेगळा अन् समाजानं शिकवलेलं बाईपण-पुरुषपण वेगळं, आपण त्याले लिंगभाव म्हणतो ते. मंग तिनं लंडनच्या ४० गृहिणीईच्या मुलाखती घेऊन घरकामाले "काम" म्हणून अभ्यासलं, तोवर कोणी त्याले मोजतच नव्हतं. आता "हलकं" हा शब्द पाय. मी स्वतः कापूस वेचला हाये, बोंडाचं वाळलेलं टोक नखाजवळ टोचते, रात्री कणिक मळाले बसलं का मिठानं बोटं असे झोंबते का डोळ्यात पाणी येते. हे हलकं? कामाचं वजन पाहून मजुरी ठरत नाही, कोण करते ते पाहून कामाले हलकं म्हणते.

डवरेवाला
ताई बरोबर बोलल्या. माझ्या वावरात कापूस-तूर हाये, पह्यले निंदाले १०-१२ बाया लागत, आता तणनाशक मारतो, पंप गड्याच्या पाठीवर, म्हणजे बायायची निंदणाची मजुरी गेली अन् त्यातली थोडी गड्याच्या खिशात गेली. पंपात टाकाले पाणी मात्र बाईच आणते, विहिरीपासून बांधापर्यंत डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन, दिवसभर. ताकदीचा हिशोब असता तर तिले जास्त द्याले पायजे होते. समान मोबदल्याचा कायदा १९७६ लेच झाला पण मी बी गावचा रेट म्हणून कमीच देत आलो, हे चुकतेच माझं.

होस्टेलवाला, नागपूर
लैंगिकता, म्हणजे कोणावर प्रेम करावं, कोणासंग नातं ठेवावं हे, राहूनच गेली, तिच्यावर बी मार्क राह्यते. बाबासाहेबायनं १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला, त्यात सांगतलं का जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यानं, अन् त्यासाठीच सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. म्हणजे बाईनं कोणावर प्रेम करावं हे जातीच्या कामाचं होऊन बसलं. तेच आजबी हाये, पोरगी मोबाईलवर बोलली का चौकात चर्चा, पोरगा बोलला तर कोणी पाह्यत बी नाही. अन् बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे नक्की लिही, आपल्याच विदर्भातल्या. सुरतेत एका विधवेले बाळ मारल्याबद्दल शिक्षा झाली, लोकं साऱ्या बायायलेच नावं ठेवत होते, तेव्हा ताराबाईनं १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं का दोष फक्त बाईचाच कसा. आणखी एक, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयाईची ओळख मान्य केली अन् २०१८ मध्ये सज्ञान समलिंगी लोकायचं संमतीचं नातं गुन्ह्यातून काढलं. माझा एक मित्र गावी स्वतःबद्दल हे सांगू शकत नाही, इथं रूमवर सांगतलं त्यानं. त्याच्यासारख्यायले सोडून उत्तर लिहू नको.

पांढरकवड्याची पोर
लय धन्यवाद सगळ्याईले. मायले वाचून दाखवलं. पंपाचं ऐकून म्हणे खरं हाये, यंदा निंदण चारच दिवस निघालं. मंग थोड्या वेळानं विचारलं, "ते बुलढाण्याच्या बाईनं आणखी काय लिहिलं वं?" कॉलेजातून पुस्तक आणून तिले रोज रात्री वाचून दाखवतो म्हटलं.