मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात गच्चीवर हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खतं विरघळवलेल्या पाण्यावर भाजी), एकूण खर्च किती येतो?

नमस्कार मंडळी. मनीषनगरला राहतो, गच्चीवर १० बाय ६ फूट जागा मोकळी आहे. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) घरचाच खावा, एवढाच हेतू.

एका विक्रेत्याने ७२ रोपांच्या पाइपवाल्या संचाचे १८,००० रुपये सांगितले. त्यात स्टँड, पंप, टाकी, नेट कप (रोपं ठेवायचे जाळीदार कप) आलं. पीएच (पाण्याची आम्लता) आणि ईसी (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजायचे मीटर, खतं, शेडनेट वेगळं. विजेचं काही नाही, १८ वॅटचा पंप २४ तास चालला तरी महिन्याला १३ युनिट.

धास्ती आहे ती उन्हाची. खताचं द्रावण तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मुळं सडतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हातावर घेववत नाही. त्यात बोअरचं पाणी इतकं जड, की बादलीला पांढरा थर धरतो. आरओशिवाय पीएच ५.५ ते ६.५ मध्ये टिकतो का?

नागपूर, वर्धा, चंद्रपूरकडे कोणी उन्हाळाभर चालवलं असेल तर कृपया सांगा. टाकी थंड कशी ठेवता? सुटे पीव्हीसी पाइप आणून घरीच जोडले तर किती वाचतात? की एप्रिल ते जून सरळ बंदच ठेवता?